रामटेके दीदींची उशी

आधी नाव सांगून टाकतो, नाहीतर गोष्टीच्या नादात राहून जाईल. शकुंतला रामटेके. रायपुरात आज मी दोन वेळा जेवतो, गाडीची किल्ली खिशात घालून फिरतो आणि रात्री काळजी करायची तीही जरा बेतानं करतो, हे सगळं या बाईंमुळे. बुढापाऱ्यात, म्हणजे त्यांच्या मोहल्ल्यात, कोणालाही विचारा, रामटेके मॅडम कुठं राहतात, तर मान हलवतील. "तकियावाली दीदी" म्हणा, हातातलं काम टाकून दारापर्यंत सोडायला येतील.

कारण दीदी घराबाहेर पडतात त्या उशी घेऊनच.

साधीच उशी आहे. कापसाची, जरा चपटी झालेली. गुलाबी खोळ आणि खोळीच्या कोपऱ्यात भरलेला मोर. मोराला पाय नाहीत. मी एकदा विचारलं, "दीदी, याचे पाय काहून नाही भरले?"

"उडून राहिला ना तो," त्या म्हणाल्या. "पायाचं का काम?"

ती उशी काखेत, खांद्याला झोळी आणि पायात रबरी चपला. अशाच त्या भाजीला जातात, अशाच लग्नाला आणि अशाच मयतीलाही. आणि जिथं थांबावं लागतं तिथं उशी टाकून झोपतात. ढोंग नाही, खरी झोप. डोकं टेकवलं की दिवा मालवल्यासारख्या विझतात.

नवी राजधानी झाली तेव्हा मोठी कार्यालयं शहराबाहेर, मोकळ्या माळावर गेली. रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस परगावचा वाटावा. चौकात सिग्नल लाल होतो, हिरवा होतो आणि त्याचं ऐकायला एखादी गाय असते. त्या रस्त्यावरून जीप नेताना मला नेहमी वाटायचं, आपण कोणाच्यातरी स्वप्नात शिरलो आहोत आणि तो माणूस उठेपर्यंत तरी आपली नोकरी आहे.

तिथल्या एका कार्यालयात दारावर सामान तपासायचं यंत्र होतं. नवा शिपाई होता. त्यानं उशी यंत्रातून घातली. पडद्यावर काहीच दिसेना. पुन्हा घातली.

"दीदी, इसमें क्या है?"

"झोप," दीदी म्हणाल्या.

वर गेल्यावर साहेबांचा चपराशी नेहमीचं बोलला, साहब मीटिंग में हैं. दुसरा कोणी असता तर चिडला असता, हात जोडले असते, नाहीतर परत गेला असता. दीदी म्हणाल्या, "हव. मीटिंग झाली की उठव मले." आणि साहेबांच्या दारासमोरच्या बाकावर मोर कानाखाली घेऊन आडव्या झाल्या.

आता बघा, पासष्टीची पांढऱ्या केसांची बाई तुमच्या दारात बारीक घोरत झोपली आहे आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे, मग तुमच्या नावाच्या पाटीकडे पाहतो आहे. साहेब किती वेळ मीटिंगमध्ये राहणार? एक साहेब तर दार उघडून बाहेर आले, दीदींना पाहून पाय न वाजवता आत गेले आणि कामाचा कागद सही करून चपराश्याच्या हातून माझ्याकडं पाठवला. खुणेनंच सांगितलं, उठवू नका.

माझी आणि त्यांची गाठ रायपूरच्या तात्यापाऱ्यातली. मी यवतमाळकडचा. शाळा सातवीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, कापूस वेचायला माणूस कमी होतं. मग कोणाच्यातरी ओळखीनं रायपूरजवळ बीरगावच्या एका कारखान्यात आलो. तिथली भट्टी थंड पडली आणि आम्हाला सांगितलं, आपापली सोय बघा. तात्यापाऱ्यात एका चहाच्या टपरीपाशी उभा राहून मी स्वतःशीच पुटपुटत होतो, "आता का करू बाप्पा."

मागून आवाज आला, "काहून, का झालं?"

एवढ्या लांब आपली बोली ऐकली की माणूस आधी घाबरतो. वाटतं, गावचं कोणीतरी आपल्याला या अवस्थेत पाहून राहिलं. वळलो तर काखेत उशी घेतलेली बाई. भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीला आलेल्या बापाची मुलगी, जन्म इथल्या क्वार्टरातला, पण मराठी अजून तशीच. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गाडी चालवता येते?"

"येते."

खरं म्हणजे मला ट्रॅक्टर येत होता. तेवढं सांगावं म्हणून जीपपाशी गेल्यावर तोंड उघडलं, तर त्या मागच्या सीटवर उशी टाकून झोपल्याही होत्या.

धमतरीपर्यंत मी इतकी हळू गाडी नेली की सायकलवाले आम्हाला ओलांडून, वळून बघत गेले. घाम कपाळावरून डोळ्यात उतरत होता. धमतरीला दीदी उठल्या, बाहेर पाहिलं, म्हणाल्या, "चांगली चालवतो तू. मस्त झोप लागली."

आमच्या गावी मी ट्रॅक्टर चालवायला बसलो की मागं ट्रॉलीत बसलेली माझी आई सुद्धा देवाचं नाव घ्यायची. माझ्या भरवशावर कोणी झोपल्याची ती पहिली वेळ. त्या दिवसापासून मी त्यांचा ड्रायव्हर.

दीदी सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनीचे कागद टाइप केले आणि निवृत्त झाल्यावर स्वतःची दोन खोल्यांची संस्था काढली. काम एकच. जंगलाच्या कडेला ज्या बायकांच्या नावावर जमीन आहे, गोंड, कमार, पुष्कळशा विधवा, त्यांना जाऊन सांगायचं की बाई, या जमिनीवरचं झाड तुझं आहे. मोहाचं फूल तुझं, टोळी, म्हणजे मोहाचं बी, तुझी, वाळकी फांदी तुझी. कोणी तोडायला आला तर आधी तुला विचारावं लागतं. अशा प्रत्येक बाईला त्या "मालकीण" म्हणत. ऐंशी वर्षांची असो की वीस, "काय मालकीण, बरी आहेस?" बायका पदरात तोंड लपवून हसायच्या. सरकारी योजनेतलं काहीतरी नवीन नाव असेल असं त्यांना वाटायचं.

अडचण पुरुषांची होती. गावात बायकांची सभा बोलावली की पुरुष येऊन पुढं बसत. बायका मागं, डोक्यावर पदर. दीदी बाईला विचारत, तुझी झाडं किती? उत्तर नवरा देई. नवरा नसला तर दीर, दीर नसला तर गावचा चौकीदार, कोटवार. असं झालं की दीदी वर आभाळाकडं बघत बसत. कोणी विचारलं, क्या देख रही हैं दीदी, की म्हणत, "मालकीण कधी बोलन, याची वाट पाहून राहिली."

मग त्यांनी युक्ती काढली. पुरुषांसाठी वेगळी सभा. शाळेपुढं सतरंजी, चार खुर्च्या, भाड्याचा माइक, चहा आणि भजी. पाहुणे कोण? मी.

"दीदी, मी का बोलू?"

"जे येते ते बोल."

मला इंजिन येत होतं. म्हणून मी इंजिनावर बोललो. ऑइल कधी बदलावं, क्लच का जळतो, उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये का सोडू नये. निम्म्या मराठीत, निम्म्या हिंदीत. त्या गावात ट्रॅक्टर एक आणि मोटारसायकली चार. पण लोकांनी इतकं मन लावून ऐकलं की माझी भीती वाढली. पुढच्या गावाहून निरोप आला, वो तेल वाले साहब को भी लाना. हार घालून घ्यायची मला इतकी सवय झाली की घरी फोनवर सांगितलं तेव्हा आईला वाटलं, पोट्टा निवडणुकीले उभा राहिला.

आणि तिकडं खरी सभा मोहाच्या झाडांखाली. चैतात पहाटे मोह टपकतो. उजाडायच्या आधी बायका टोपल्या घेऊन निघतात आणि खाली पडलेली फुलं वेचतात. त्या वेळी पुरुष झोपेत असतात किंवा सतरंजीवर माझी वाट पाहत असतात. दीदी त्यांच्याबरोबर वाकून फुलं वेचत आणि वेचता वेचता शिकवत. काय शिकवत, कसं शिकवत, हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी ब्रेकवर बोलत असायचो.

अशाच एका गावात सुकवारो होती. चाळिशीची गोंड विधवा, जमीन नवऱ्यामागं तिच्या नावावर झालेली. जमिनीवर साजाची, म्हणजे ऐनाची, झाडं आणि मधोमध एक मोह, एवढा जुना की त्याच्या बुंध्यामागं आमची जीप उभी केली तर दिसली नसती. तिच्या जेठानं, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावानं, ती झाडं तोडून द्यायचं एका ठेकेदाराला कबूल केलं होतं. जेठ वाईट माणूस नव्हता. घरातला मोठा मीच, तेव्हा झाडंही माझीच, असा त्याचा साधा हिशेब. तोडायची परवानगी हवी तर पटवारी जागेवर येऊन मालकाला विचारणार होता. सुकवारोनं नाही म्हटलं की विषय संपला. गप्प राहिली की झाडं गेली.

दीदींनी तिला हे पहाटे मोहाखाली नीट समजावलं. तिला सगळं कळलं. पण मान हलवून ती जे बोलली ते दीदींनी मला जीपमध्ये सांगितलं. त्या भागात जेठाला कुरा-ससुर म्हणतात. भावजयीनं त्याच्याशी बोलायचं नाही, त्यानं तिच्याशी बोलायचं नाही. तो समोर असला तर तिनं दुसऱ्या कोणाशीही आवाज काढून बोलायचं नाही, खाटेवर बसायचं नाही, तोंड फिरवून राहायचं. पटवारी आला की तो समोर असणारच.

"म्हणते, कायदा माझ्या बाजूनं आहे दीदी, पण माझं तोंडच उघडत नाही," दीदी म्हणाल्या. "कायद्यात याच्यावर काही लिहिलं नाही रे."

त्या दिवशी परतताना आरशात पाहिलं तर दीदी जाग्या होत्या. उशी मांडीवर, हात मोरावर. रायपूर येईपर्यंत जाग्याच. मला इंजिनातून आवाज आल्यासारखं वाटायला लागलं.

एक गोष्ट मात्र मी सुकवारोच्या घरी पाहिली होती आणि तिचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता. जेठ अंगणात बसला होता. सुकवारो चुलीपासून उठली, दाराशी बांधलेल्या शेळीपुढं उभी राहिली आणि तिला म्हणाली, "ए छेरी, कहि दे, भात चुर गे हे." भात शिजला आहे, सांगून दे. शेळी काहीच बोलली नाही. जेठ उठला, हात धुतले आणि जेवायला बसला.

पटवारी यायच्या दिवसाचा बेत असा ठरला: मी सकाळपासून सभा लावायची आणि जेठाला सोडायचं नाही. मी त्याला पहिल्या खुर्चीवर बसवलं, हारही त्यालाच घातला. ऑइल झालं, क्लच झाला. गिअरबॉक्स इतका लांबवला की मलाही नवीन गोष्टी कळल्या. तेवढ्यात पटवाऱ्याची मोटारसायकल शाळेवरून गेली, मागं वनरक्षक बसलेला. जेठ उठला.

"भैया, ब्रेक का विषय बाकी है," मी म्हणालो.

"ब्रेक ला काली बताबे," तो म्हणाला, म्हणजे उद्या सांग, आणि निघाला. त्याच्यामागं सतरंजी निघाली. त्यांच्यामागं मी, माइक हातात, वायर फरफटत.

शेतात पोचलो तर सुकवारो मोहाला टेकून बसली होती, आमच्याकडं पाठ, डोक्यावरून पदर पार हनुवटीपर्यंत. तिच्या पाठीशी दीदींची उशी. मोराचं डोकं तेवढं बाजूनं दिसत होतं. दीदी जरा लांब उभ्या होत्या.

पटवारी घाईत होता. "हां, तो काटना है कि नहीं?"

"काटना हे," जेठ म्हणाला.

"खातेदार कौन है?"

"मोर भाई बहू आय. ओखर डहर ले मैं कहत हंव." म्हणजे माझी भावजय आहे, तिच्या वतीनं मी बोलतो.

पटवाऱ्यानं सुकवारोकडं पाहिलं. पदर हलला नाही. त्यानं दीदींकडं पाहिलं. दीदी आभाळाकडं बघत होत्या. त्यांना सगळं माहीत होतं, एका वाक्याचं काम होतं. पण मालकिणीचं उत्तर आपण द्यायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःलाही लावून घेतला होता. हात मात्र काखेत उशी शोधत होता आणि उशी तिथं नव्हती. माझ्या छातीत धडधडत होतं. ते माइकमधून ऐकू जाईल म्हणून मी तो पोटाशी धरला.

वरून एक मोहाचं फूल पडलं. टप्प.

मग पदराआडून आवाज आला. बारीक, पण सरळ. बोलणं झाडाशी चाललं होतं.

"ए महुआ, सुन ले. तोर मालकिन जियत हे. तोला कोनो नइ काटय. साजा मन ला घलो कहि दे."

तुझी मालकीण जिवंत आहे, तुला कोणी तोडणार नाही, साजांनाही सांगून दे. रीत मोडली नव्हती. ती कोणा माणसाशी बोललीच नव्हती. जेठानं घसा खाकरला. उत्तर द्यायचं तर तोही तिच्याशी बोलू शकत नव्हता. तो बाजूच्या साजाकडं वळला आणि त्याला म्हणाला, "त ठेकेदार ला मैं का कहंव?"

पदराआडून मोहाला सांगितलं गेलं, "कहि दे, मालकिन ला पूछे नइ रहेंव." मालकिणीला विचारलं नव्हतं म्हणून सांग.

जेठ मान खाली घालून म्हणाला, "हव."

पटवारी दीदींपाशी आला. "मॅडम, मैं बयान किसका लिखूं? पेड़ का?"

"मालकिणीचं लिवा," दीदी म्हणाल्या. "झाड साक्षीला आहे."

वनरक्षक तोंड फिरवून हसला. पटवाऱ्यानं लिहिलं. संध्याकाळी त्याच अंगणात मी ऐकलं, ए छेरी, कहि दे, भात चुर गे हे. जेठ उठला, हात धुतले आणि जेवला. मलाही वाढलं.

त्या रात्री आम्हाला कोणी जाऊ दिलं नाही. पहाटे निघायचं ठरलं. उजाडत आलं तरी दीदी येईनात, म्हणून मी शोधत शेताकडं गेलो. धुकं नव्हतं, पण मोहाचा वास इतका दाट की धुक्यासारखा लागत होता. फुलं टपकत होती, एक इकडं, एक तिकडं, जसं कोणी दबक्या पावलानं चालतं आहे. बायका वाकून वेचत होत्या. मला वाटलं, आज तरी दीदींचा वर्ग पाहायला मिळेल.

दीदी झाडाखाली झोपल्या होत्या. डोकं सुकवारोच्या मांडीवर. ती त्यांच्या केसांत टोळीचं तेल चोळत होती. आजूबाजूच्या बायका हळू आवाजात बोलत होत्या, कोणाची सून, कोणाची गाय. मोहाची फुलं दीदींच्या लुगड्यावर पडत होती आणि कोणी ती उचलत नव्हतं. उशी एका फांदीला अडकवलेली, मोर उलटा.

सुकवारोनं मला पाहून ओठांवर बोट ठेवलं. "सुतन दे," ती म्हणाली. झोपू दे.

मी म्हणालो, दीदी तर कुठंही झोपतात, गाडीत, कचेरीत.

"हव," ती म्हणाली. "घर मा नींद नइ परय. एकेला हे न." मग बुढापाऱ्याच्या घराबद्दल दीदींनी या बायकांना जे सांगितलं होतं ते तिनं मला सांगितलं. तिथं रात्री पंख्याचा आवाज ऐकत त्या पडून राहतात. बाजूला कोणाचा श्वास असला, कोणी कुजबुजत असलं, गाडीचं इंजिन जरी घरघरत असलं, तरी डोळा लागतो. सगळं शिकवून झालं की मोहाखाली त्या एवढंच मागतात, थोडा वेळ बोलत बसा बायांनो, माझ्याशी नाही, आपसात.

मी जीपपाशी परत गेलो आणि बॉनेटला टेकून उभा राहिलो. साहेबांच्या दारासमोरचा बाक आठवला, चपराशांची कुजबुज आणि धमतरीची ती पहिली वाट.

दीदी उन्हं आल्यावर आल्या. केस तेलानं चापून बसवलेले, अंगाला मोहाचा वास. "काय पाहून राहिला बाबू? चाल, उशीर झाला." मागच्या सीटवर आडव्या झाल्या. मी गाडी सुरू केली आणि का कोण जाणे, स्वतःशीच बोलायला लागलो. टायरात हवा कमी आहे, पुढं पेट्रोल घेऊ, यवतमाळला आता कापूस विकून झाला असेल. हळू आवाजात, रायपूर येईपर्यंत. मागं घोरणं सुरू झालं तरी थांबलो नाही.

आता मी दीदींचे उपकार कसे फेडणार? मला लिहिणं-वाचणं बेताचं, आणि त्यांना कशाची गरजही नाही. पण यवतमाळकडं आमच्या घरचं अंगण मोठं आहे. उन्हाळ्यात तिथं एका ओळीत सगळे झोपतात. आई, माझी बायको, माझ्या दोन पोट्ट्या, मोठा भाऊ, वहिनी, त्यांची पोरं. कोणी घोरतं, कोणी झोपेत बडबडतं, म्हातारी आई अर्धी रात्र कोणाला तरी काहीतरी सांगत असते. एका वैशाखात मी दीदींना तिथं नेणार आहे. दीदी, हे तुम्ही वाचाल तेव्हा नाही म्हणू नका. उशी घेऊन या, नाहीतर नका आणू. तुमची गादी मी ओळीच्या कडेला नाही टाकणार. मधात टाकीन, आई आणि पोट्ट्यांच्या मधात.